कंपनाची मात्रा : कंपनयंत्र निवडताना आणि वापरताना

गेल्या काही वर्षांत आपल्या शहरांतील व्यायामशाळांत, फिजिओथेरपी केंद्रांत आणि आता मध्यमवर्गीय घरांच्या दिवाणखान्यांतही एक नवे यंत्र येऊन बसले आहे. मोठ्या वजनकाट्यासारखी दिसणारी एक फळी, काही यंत्रांना समोर धरण्यासाठी दांडा, आणि आकडे दाखवणारी एक लहानशी पट्टी, एवढेच त्याचे स्वरूप. बटण दाबले की फळी थरथरू लागते आणि तिच्यावर उभ्या असलेल्या माणसाचे सर्वांग थरथरू लागते. 'दहा मिनिटे उभे राहा आणि तासभर व्यायामाचा लाभ मिळवा', 'हाडे बळकट, वजन कमी, साखर आटोक्यात' अशी आश्वासने सोबतच्या पत्रकावर छापलेली असतात. परदेशी असलेला मुलगा आईवडिलांच्या गुडघ्यांच्या काळजीने असे यंत्र घरी पाठवतो, किंवा प्रदर्शनातील विक्रेता 'फक्त पाच मिनिटे उभे राहून पाहा' असा आग्रह करतो. मग रुग्ण आपल्यासमोर बसून विचारतो, "डॉक्टरसाहेब, हे मशीन घेऊ का?"

या प्रश्नाला आपल्याकडून बहुधा दोनपैकी एक उत्तर दिले जाते. 'घ्या, काही हरकत नाही' हे एक, आणि 'सगळी फसवणूक आहे, पैसे वाया घालवू नका' हे दुसरे. दोन्ही उत्तरे सोयीची असली तरी दोन्ही अपुरी आहेत. कंपन हा शरीरावर खरोखर परिणाम करणारा घटक आहे. थोड्या प्रमाणात तो उपयोगी ठरू शकतो आणि अधिक प्रमाणात तो अपायकारक असल्याचे व्यवसायजन्य आजारांच्या शास्त्राला केव्हाचेच ठाऊक आहे. म्हणजे त्याची जातकुळी औषधाची आहे. ज्या बाटलीवर घटक आणि मात्रा लिहिलेली नाही, ते औषध आपण रुग्णाला देत नाही. हाच साधा नियम या यंत्राला लावावा, एवढेच प्रस्तुत लेखाचे म्हणणे आहे.

खुर्चीपासून फळीपर्यंत

कंपनाने उपचार करण्याची कल्पना नवी नाही. स्वीडनमधील डॉ. गुस्ताव झांडर यांनी १८६५ साली स्टॉकहोम येथे यंत्रांच्या साहाय्याने व्यायाम देणारी संस्था सुरू केली. त्यांच्या यंत्रांत शरीराला हादरे देणारी यंत्रेही होती. अमेरिकेतील बॅटल क्रीक येथील आरोग्यधामात डॉ. जॉन हार्वे केलॉग कंपन पावणाऱ्या खुर्च्या वापरीत असत. परंतु या इतिहासातील सर्वांत बोधप्रद प्रकरण पॅरिसचे आहे. आधुनिक चेताविज्ञानाचे जनक मानले जाणारे झाँ-मार्तिन शार्को यांच्या असे ध्यानात आले की, कंपवाताचे रुग्ण आगगाडीच्या किंवा घोडागाडीच्या लांब प्रवासानंतर बरे वाटत असल्याचे सांगतात. त्यावरून त्यांनी थरथरणारी एक खुर्ची करवून घेतली आणि १८९२ साली तिच्याविषयी व्याख्यान दिले. पुढच्याच वर्षी त्यांचे निधन झाले आणि तो प्रयोग तेथेच थांबला.

सव्वाशे वर्षांच्या आत, २०१२ साली, शिकागो येथील संशोधकांनी हा प्रयोग आधुनिक पद्धतीने पुन्हा केला. काही रुग्णांना कंपन पावणाऱ्या खुर्चीत बसवले, तर काहींना तशाच पण स्थिर खुर्चीत बसवून सुखद ध्वनी ऐकवले. महिन्याभराने दोन्ही गटांतील रुग्णांची प्रकृती सुधारलेली आढळली, आणि दोन्ही गटांतील सुधारणेत म्हणण्यासारखा फरक नव्हता. रुग्णाला बरे वाटले हे खरे. पण कंपनामुळेच बरे वाटले असे सिद्ध झाले नाही. आज आपल्या रुग्णाच्या तोंडून 'मशीनवर उभे राहिले की हलके वाटते' हे वाक्य ऐकताना या खुर्चीची आठवण ठेवावी.

सध्याच्या फळीची वंशावळ मात्र थोडी निराळी आहे. सोव्हिएत संघातील व्लादिमिर नझारॉव्ह यांनी खेळाडूंच्या स्नायूंसाठी कंपनाचा वापर केला, आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपातील व्यायामयंत्रांच्या बाजारात ही कल्पना रुजली. पुढे २००१ साली न्यूयॉर्क राज्य विद्यापीठातील क्लिंटन रुबिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक शोधनिबंध 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. प्रौढ मेंढ्यांचे मागचे पाय रोज २० मिनिटे, आठवड्यातून ५ दिवस, वर्षभर अतिशय सौम्य कंपनावर ठेवले असता मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकातील जाळीदार हाडाची घनता ३४ टक्क्यांनी वाढली. या संशोधनात अमेरिकेच्या अंतराळ संस्थेने रस घेतला आणि 'अंतराळवीरांचे तंत्रज्ञान' ही जाहिरातीतील लोकप्रिय ओळ तेथून जन्माला आली. प्रत्यक्षात अंतराळ स्थानकात हाडे राखण्यासाठी अंतराळवीर दररोज सुमारे दोन तास घाम गाळून व्यायाम करतात. त्यांची मुख्य साधने म्हणजे भार उचलण्याचे यंत्र, धावपट्टी आणि सायकल ही होत. हे त्या जाहिरातीत नसते.

शरीरात काय घडते

स्नायूवर कंपनाचा मारा झाला की स्नायूंतील ताणसंवेदक तर्कू उद्दीपित होतात आणि प्रतिक्षिप्त क्रियेने स्नायू आकुंचन पावू लागतो. हॅगबार्थ आणि एकलुंड या स्वीडिश संशोधकांनी १९६६ साली या प्रतिक्षिप्त क्रियेचे वर्णन केले होते. फळीवर उभे राहिल्यावर पोटऱ्या आणि मांड्यांचे स्नायू न सांगता काम करू लागतात ते काही प्रमाणात यामुळे, आणि काही प्रमाणात हादऱ्यापासून डोके वाचवण्यासाठी शरीर जो प्रयत्न करते त्यामुळे. वाकलेले गुडघे, घोटे आणि नितंब हे या वेळी गाडीच्या पाट्यांसारखे काम करतात व हादरा वर जाण्यापूर्वीच शोषून घेतात. गुडघे ताठ ठेवले की हे पाटे निकामी होतात आणि तोच हादरा मणक्यांतून थेट कवटीपर्यंत पोचतो.

दुसरी गोष्ट अनुनादाची. प्रत्येक वस्तूप्रमाणे शरीराच्या प्रत्येक भागाचीही एक नैसर्गिक वारंवारता असते. बाहेरील कंपन तिच्याशी जुळले तर तो भाग अधिकच जोराने हलतो. पाठीचा कणा आणि धड यांच्या बाबतीत उभ्या दिशेतील ही वारंवारता सेकंदाला ५ कंपनांच्या, म्हणजे ५ हर्ट्झच्या, आसपास आहे. ट्रॅक्टर, मालमोटारी आणि एस.टी. बसगाड्यांच्या आसनांतून चालकाच्या कण्याला मिळणारी कंपने नेमकी याच टापूत मोडतात. वर्षानुवर्षे अशी वाहने चालवणाऱ्यांमध्ये कंबरदुखी अधिक का आढळते, याचे एक कारण येथे आहे. म्हणूनच कामगारांच्या संरक्षणासाठी कंपनाची आंतरराष्ट्रीय मानके तयार झाली. युरोपीय संघाच्या २००२ सालच्या निर्देशानुसार आठ तासांच्या पाळीसाठी ०.५ मीटर प्रति सेकंद वर्ग ही दक्षतेची आणि १.१५ ही कमाल मर्यादा आहे. एका खोलीत आपण ज्याला व्यवसायजन्य धोका म्हणतो, त्यालाच शेजारच्या खोलीत उपचार म्हणायचे असेल, तर दोहोंमधील फरक मात्रेचा आणि शरीराच्या ठेवणीचा आहे हे आपल्याला नीट सांगता आले पाहिजे.

मात्रेचे गणित

कंपनाच्या मात्रेत चार गोष्टी येतात : वारंवारता, आयाम, कालावधी आणि उभे राहण्याची पद्धत. पहिल्या दोहोंवरून त्वरण ठरते, आणि हाडामांसाला खरा परिणाम जाणवतो तो त्वरणाचाच. हे त्वरण पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाच्या पटीत, म्हणजे 'जी' या एककात सांगतात. त्याचा हिशेब कागदाच्या चिटोऱ्यावर करता येतो. वारंवारतेचा वर्ग करावा, त्याला मिलिमीटरमधील आयामाने गुणावे आणि २५० ने भागावे; आलेले उत्तर म्हणजे कमाल त्वरण, 'जी'मध्ये.

उदाहरण घेऊ. फळीचा आयाम १ मिलिमीटर आणि वारंवारता ३० हर्ट्झ असेल तर ९०० भागिले २५०, म्हणजे ३.६ जी. तीच फळी २ मिलिमीटर आयामाने हलली तर ७.२ जी. वारंवारता दुप्पट केली तर त्वरण चौपट होते. रुबिन यांच्या प्रयोगांतील मात्रा ०.३ जी एवढीच होती. ३० हर्ट्झला तिचा आयाम मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी भरतो. अशा फळीवर उभे राहिल्यास पायाला सौम्य गुणगुण जाणवते, एवढेच. बाजारातील जी फळी दात वाजवते, तिची मात्रा या प्रयोगांच्या दहापट ते वीसपट असू शकते. प्रयोग एका मात्रेचा आणि विक्री दुसऱ्याच मात्रेची, हा या संपूर्ण व्यवसायातील मूळ घोटाळा आहे.

येथे शब्दांचा एक सापळा आहे. काही उत्पादक मध्यबिंदूपासून वरच्या टोकापर्यंतचे अंतर 'आयाम' म्हणून देतात, तर काही खालच्या टोकापासून वरच्या टोकापर्यंतचे संपूर्ण अंतर देतात. दोहोंत दुपटीचा फरक पडतो. वरील सूत्रासाठी पहिलेच अंतर घ्यावयाचे आहे. अभ्यासकांमध्येही हा गोंधळ इतका होता की, २०१० साली स्नायू-अस्थिविषयक आंतरराष्ट्रीय संस्थेला, शोधनिबंधात कंपनाचे वर्णन कसे करावे याविषयी स्वतंत्र शिफारशी प्रसिद्ध कराव्या लागल्या.

त्वरण १ जीच्या वर गेले की आणखी एक गोष्ट घडते. फळी खाली जाताना पाऊल तिच्याबरोबर खाली जाऊ शकत नाही, त्यामुळे क्षणभर पाऊल सुटते आणि पुन्हा आदळते. मग शरीराला मिळतो तो केवळ झोका नसतो. त्यात ठोकेही असतात. अमेरिकेत २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोजणीत ३० हर्ट्झ आणि ४ मिलिमीटर हालचाल असलेल्या फळीवर दिवसाला १० मिनिटे उभे राहिल्यास आंतरराष्ट्रीय मानकाने सुचवलेली दैनंदिन मर्यादा ओलांडली जाते, असे आढळले. त्याच अभ्यासात गुडघे जेमतेम वाकवले असता डोक्याला सर्वाधिक हादरे बसले आणि ते अधिक वाकवले तसतसे हादरे कमी होत गेले.

पुरावा काय सांगतो

प्रथम हाडांविषयी, कारण साठीनंतरच्या स्त्रियांना हे यंत्र मुख्यतः त्याच आशेने विकले जाते. बेल्जियममधील ल्यूव्हन विद्यापीठाने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात रजोनिवृत्तीनंतरच्या ७० स्त्रिया होत्या. तीव्र कंपनावर उभे राहून सहा महिने व्यायाम करणाऱ्या गटात नितंबाच्या हाडाची घनता ०.९३ टक्क्यांनी वाढली. वाढ लहान, गट लहान आणि सोबत उठाबशांसारखे व्यायाम, हे तिन्ही लक्षात घ्यावे. त्याच वर्षी रुबिन यांनी ७० स्त्रियांवर सौम्य कंपनाची चाचणी केली. सर्व स्त्रियांचा एकत्रित विचार करता लाभ सिद्ध झाला नाही, फक्त ज्यांनी यंत्र नेमाने वापरले त्यांच्यात काही आशा दिसली.

यानंतर मोठ्या चाचण्या झाल्या. टोरांटो येथे २०२ स्त्रियांनी वर्षभर दररोज २० मिनिटे सौम्य कंपन घेतले किंवा मुळीच घेतले नाही; २०११ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार घनतेत फरक पडला नाही. बॉस्टन परिसरातील १७४ वृद्धांवर दोन वर्षे चाललेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीतही बनावट फळी आणि खरी फळी यांत हाडांच्या दृष्टीने अंतर दिसले नाही. अमेरिकी सरकारच्या आरोग्य-संशोधन संस्थेने २०११ साली सर्व पुरावा तपासून, अस्थिसुषिरतेवरील उपचार म्हणून या यंत्राविषयी दावा करण्याजोगी माहिती उपलब्ध नाही, असा निर्वाळा दिला होता. मेंढीच्या मांडीच्या हाडात जे ३४ टक्के दिसले, ते माणसाच्या हाडात उतरले नाही.

येथे एक सूक्ष्म भेद नोंदवावा लागेल. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने कंबरेला बांधावयाच्या एका कंपनपट्ट्याला मान्यता दिली. ती मान्यता रजोनिवृत्तीनंतर हाडांची घनता काहीशी घटलेल्या स्त्रियांपुरती, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आणि त्या एका उपकरणापुरती आहे. पूर्ण अस्थिसुषिरता झालेल्या रुग्णांना ती लागू नाही, आणि पायाखालच्या फळीला तर नाहीच. तरीही 'अमेरिकेत मान्यताप्राप्त तंत्र' हे शब्द विक्रेत्याच्या तोंडी येतील, तेव्हा कोणते उपकरण आणि कोणत्या विकारासाठी, हे दोन प्रश्न विचारावेत.

स्नायू आणि तोल यांच्या बाबतीत चित्र अधिक आशादायक आहे. हाँगकाँग येथे वस्तीत राहणाऱ्या ७१० वृद्ध स्त्रियांवर १८ महिने चाललेल्या अभ्यासात, सौम्य कंपन घेणाऱ्यांपैकी १८.६ टक्के स्त्रिया पडल्या. न घेणाऱ्यांत हे प्रमाण २८.७ टक्के होते. हाडांची घनता येथेही वाढली नाही, पण पायांची ताकद आणि तोल सुधारला. नितंबाचे हाड मोडते ते बहुधा पडल्यामुळे, हे लक्षात घेता हा लाभ क्षुल्लक म्हणता येणार नाही. ल्यूव्हनच्याच एका अभ्यासात व्यायामाची सवय नसलेल्या तरुणींच्या मांडीच्या स्नायूंची ताकद बारा आठवड्यांच्या कंपनव्यायामाने जेवढी वाढली, जवळपास तेवढीच ती वजने वापरून केलेल्या साध्या व्यायामाने वाढली. याचा अर्थ दोन्ही बाजूंनी लावता येतो. ज्याला वजने उचलणे शक्य नाही त्याला हा पर्याय ठरू शकतो. ज्याला शक्य आहे त्याला यंत्राची गरज नाही.

वजन कमी करण्याविषयी थोडक्यात सांगता येईल. फळीवर उभे राहिल्याने प्राणवायूचा वापर वाढतो, पण तो साधारण सावकाश चालण्याएवढा. दहा मिनिटे रमतगमत चालून जेवढी चरबी जळते, तेवढ्याच अपेक्षेने यंत्रावर उभे राहावे.

कोणी दूर राहावे

या यंत्रामुळे झालेल्या अपायांच्या नोंदी संख्येने थोड्या आहेत, पण त्यांचे स्वरूप दुर्लक्ष करण्याजोगे नाही. वैद्यकीय नियतकालिकांत डोळ्याच्या आतील रक्तस्रावाचे, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत बसवलेले कृत्रिम भिंग जागेवरून सरकल्याचे, मूतखडा हलल्याचे, लघवीतून रक्त गेल्याचे आणि कानातील कणांमुळे होणारी भोवळ सुरू झाल्याचे रुग्ण वर्णिलेले आहेत. आपल्याकडे साठीच्या पुढच्या किती जणांच्या डोळ्यांत कृत्रिम भिंग आहे आणि किती जणांच्या मूत्रपिंडात खडा आहे, याचा विचार केला तर ही यादी दूरची वाटणार नाही.

पुढील व्यक्तींनी हे यंत्र वापरू नये, किंवा संबंधित तज्ज्ञांच्या लेखी सल्ल्याशिवाय वापरू नये :

गर्भवती स्त्रिया, पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी असलेले किंवा नुकतीच होऊन गेलेले रुग्ण, पेसमेकर वा तत्सम उपकरण बसवलेले, हृदयाची अनियमित लय किंवा महाधमनीचा फुगवटा असलेले रुग्ण, दृष्टिपटल सुटलेले, मधुमेहामुळे दृष्टिपटलावर नाजूक नव्या रक्तवाहिन्या आलेले, किंवा डोळ्याची शस्त्रक्रिया झालेले रुग्ण, मूतखडे व पित्ताशयातील खडे असणारे, अलीकडे हाड मोडलेले, शस्त्रक्रिया झालेले किंवा सांधा बदललेले, मणक्यातील गादी सरकून तीव्र वेदना असणारे, अपस्माराचे व तीव्र अर्धशिशीचे रुग्ण, भोवळीचा विकार असणारे, कर्करोगाचे रुग्ण, आणि मधुमेहामुळे पावले बधिर झालेले किंवा पायावर जखम असलेले रुग्ण.

शेवटी एक गट राहतो आणि तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. ज्यांचे मणके अस्थिसुषिरतेमुळे आधीच चेपले गेले आहेत, त्यांना तीव्र कंपनाची फळी 'हाडांसाठी' म्हणून दिली जाते. ज्याला गरज सर्वाधिक त्यालाच धोकाही सर्वाधिक, असा हा विपरीत योग आहे. अशा रुग्णांनी तीव्र मात्रेच्या यंत्रावर मुळीच उभे राहू नये. वरील यादीतील बहुतेक जणांना चाचण्यांतून आधीच वगळले गेले होते, ही बाबही आपण ध्यानात ठेवावी. 'चाचण्यांत कोणालाही त्रास झाला नाही' हे वाक्य निवडक निरोगी लोकांपुरते खरे असते.

यंत्र निवडताना

बाजारात मुख्यतः दोन प्रकारची यंत्रे मिळतात. एका प्रकारात संपूर्ण फळी सरळ वर-खाली होते आणि दोन्ही पायांना एकाच वेळी सारखा हादरा बसतो. दुसऱ्या प्रकारात फळी मधल्या आसाभोवती तराजूसारखी झुलते. एक पाऊल वर तेव्हा दुसरे खाली. या दुसऱ्या प्रकारात नितंब आळीपाळीने वर-खाली होत असल्याने डोक्यापर्यंत पोचणारा हादरा तुलनेने कमी असतो. शिवाय पाय जवळ ठेवले की आयाम कमी आणि लांब ठेवले की अधिक, अशी मात्रा बदलण्याची सोयही असते. मात्र हादरा कमी म्हणजे नाहीसा नव्हे.

विकत घेण्यापूर्वी विक्रेत्याला पुढील प्रश्न विचारावेत. वारंवारता किती हर्ट्झपासून किती हर्ट्झपर्यंत? आयाम किती मिलिमीटर, आणि तो मध्यापासून मोजलेला की टोकापासून टोकापर्यंत? सत्तर-ऐंशी किलोचा माणूस उभा राहिल्यावरही हे आकडे कायम राहतात काय? हलक्या मोटरची फळी भार पडताच मंदावते किंवा वेडीवाकडी हलू लागते. 'एक ते नव्याण्णव पातळ्या' आणि मोटरचे वॅट हे मात्रेचे आकडे नव्हेत. नव्याण्णव पातळ्यांचे हर्ट्झमध्ये रूपांतर करून देता येत नसेल, तर ते यंत्र म्हणजे मात्रा न लिहिलेली बाटली होय. 'जी' किती, या प्रश्नाला उत्तर न मिळाल्यास आपल्या सूत्राने ते स्वतः काढावे, आणि वृद्ध व्यक्तीसाठी १ जीच्या आत स्थिर राहू शकणारे यंत्र नसेल तर व्यवहार तेथेच थांबवावा.

वृद्धांसाठी घट्ट दांडा असलेलेच यंत्र घ्यावे. बैठी, बिनदांड्याची फळी स्वस्त आणि ठेवायला सोयीची असली तरी तोल जाणाऱ्या माणसाला ती योग्य नाही. पृष्ठभाग न घसरणारा असावा, पायरी बुटकी असावी, तत्काळ थांबवण्याचे बटण हाताशी असावे, भूसंपर्काची तीन पिनांची वायर असावी आणि दुरुस्तीची सोय आपल्याच शहरात असावी.

कायद्याची बाजूही पाहावी. एप्रिल २०२० पासून आपल्या देशात रोगाचे निदान, प्रतिबंध वा उपचार यांसाठी विकली जाणारी सर्व उपकरणे वैद्यकीय उपकरणांच्या नियमांखाली आलेली आहेत. म्हणून विक्रेता जर 'अस्थिसुषिरता बरी होते' असे म्हणत असेल तर त्याने परवाना दाखवावा. आणि तो यंत्राला व्यायामाचे साधन म्हणत असेल तर रोग बरा करण्याची भाषा सोडावी. मधुमेह आणि लठ्ठपणा बरा करण्याच्या जाहिरातींना तर १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या कायद्यानेच मनाई केलेली आहे.

वापरताना

यंत्र घरात आलेच असेल आणि व्यक्ती वरील यादीत नसेल, तर पुढील पथ्ये पाळावीत. पहिल्या काही वेळा घरातील दुसरे कोणी जवळ असावे. अनवाणी किंवा पातळ तळव्याची पादत्राणे घालून उभे राहावे. गुडघे २५ ते ३० अंशांत वाकलेले, भार किंचित पुढच्या चवड्यांवर, पाठ सरळ आणि हात दांड्यावर हलकेच, ही ठेवण सोडू नये. गुडघे ताठ करून उभे राहणे, फळीवर बसणे, तिच्यावर डोके वा पोट टेकणे हे प्रकार पूर्णपणे टाळावेत; आसनस्थ माणसाच्या कण्याला गुडघ्यांचे पाटे उपलब्ध नसतात.

आरंभ सर्वांत खालच्या आयामाने करावा. अर्धा मिनिट कंपन आणि अर्धा ते एक मिनिट विश्रांती, असे चार-पाच वेळा, आठवड्यातून दोन किंवा तीन दिवस, एवढे पहिल्या पंधरवड्यास पुरे. त्यानंतर प्रथम कालावधी वाढवावा, मग गरज वाटल्यास वारंवारता. दोन्ही एकाच वेळी वाढवू नयेत. पोटऱ्यांना खाज सुटणे आणि त्वचा लाल होणे हे प्रारंभी सामान्य आहे व ते लवकर ओसरते. परंतु चक्कर, डोकेदुखी, मळमळ, छातीत अस्वस्थता, कंबरेत कळ किंवा पायाला मुंग्या यांपैकी काही जाणवल्यास त्याच क्षणी उतरावे. डोळ्यासमोर प्रकाशाचे झोत, काळे ठिपके किंवा पडदा दिसला तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे. लघवी लालसर झाली तर मूत्रविकारतज्ज्ञांकडे जावे.

जेवणानंतर लगेच यंत्रावर उभे राहू नये. मुलांना ते खेळणे म्हणून देऊ नये. आणि एकाने केलेली मात्रेची जुळणी दुसऱ्याने तशीच वापरू नये. सासऱ्यांची मात्रा सुनेला आणि सुनेची मात्रा सासऱ्यांना लागू पडत नाही.

आपले कर्तव्य

विक्रेत्यांना हल्ली डॉक्टरांचा आशीर्वाद हवा असतो. केंद्राच्या उद्घाटनाची फीत, दवाखान्यात मोफत ठेवलेले एक यंत्र, प्रत्येक शिफारशीमागे काही टक्के, असे त्याचे मार्ग आहेत. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ सालच्या आचारनियमांनी व्यापारी उत्पादनांची शिफारस आणि दलाली या दोहोंना मनाई केली आहे. परंतु नियमांचा प्रश्न बाजूला ठेवला तरी आपल्यासारख्या जुन्या, एकमेकांना ओळखणाऱ्या समाजात याचे मोल अधिक मोठे आहे. येथे रुग्ण डॉक्टरांकडे तीन-तीन पिढ्या येत असतात. 'डॉक्टरसाहेबांनी सांगितले म्हणून घेतले' हे वाक्य गणेशोत्सवाच्या मंडपापासून वाचनालयापर्यंत पोचते, आणि एका घरातील फळी वर्षभरात दहा घरांत जाते.

याहून गंभीर हानी मात्र नजरेस पडत नाही. फळी घेतलेली स्त्री हाडांची घनता तपासून घेणे पुढे ढकलते, अस्थिभंग टाळण्याची सिद्ध झालेली औषधे 'आता मशीन आहे' म्हणून बंद करते, आणि संध्याकाळचे चालणेही सोडते. यंत्राने तिला थेट इजा केली नाही तरी त्याने तिच्या उपचारांची जागा घेतलेली असते. म्हणून यंत्राविषयी विचारणाऱ्या प्रत्येक वृद्ध रुग्णाला आपण उलट पाच प्रश्न विचारावेत : हाडांची घनता केव्हा तपासली? ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम पुरेसे आहे का? गेल्या वर्षभरात किती वेळा पडलात? झोपेच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्यांनी तोल जातो का? स्नानगृहात धरायला दांडा आणि न घसरणारी फरशी आहे का? या प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावर अनेकदा असे दिसते की, यंत्राच्या किमतीच्या लहानशा अंशात घर सुरक्षित करता येते, आणि हात न टेकता खुर्चीवरून दहा वेळा उठणे-बसणे या व्यायामास वीजही लागत नाही.

एवढे करूनही ज्याला चालणे अशक्य आहे, वजने उचलणे झेपत नाही आणि ज्याला यंत्राची बाधा नाही, अशा रुग्णाला सौम्य मात्रेचे कंपन देखरेखीखाली जरूर द्यावे. पायांची ताकद आणि तोल यांसाठी त्याचा उपयोग होऊ शकतो. मात्र चिठ्ठीवर यंत्राचे नाव लिहून थांबू नये. वारंवारता किती हर्ट्झ, आयाम किती मिलिमीटर, एका वेळी किती सेकंद, आठवड्यातून किती दिवस आणि पुन्हा तपासणी केव्हा, हे औषधाच्या मात्रेप्रमाणेच स्वच्छ अक्षरांत लिहावे. जे लिहून देता येत नसेल, ते सुचवूही नये.